भाच्याला पिस्तूल : आधी त्याला विचारा

टेक्सासात पोलिसात लागलेल्या भाच्याला न्यू जर्सीहून सरप्राइज म्हणून ग्लॉक १९ पिस्तूल पाठवायचं म्हणताय, आणि वर कमेंट करणारे सगळे मॉडेलवरच भांडतायत. अहो, ड्यूटीचं पिस्तूल बहुतेक ठिकाणी खातंच देतं. तुमचं वापरलं जाणार ते सुट्टीच्या दिवशी, तेही खात्याने मान्य केलेल्या पिस्तुलांच्या यादीत असेल तर. तेव्हा आधी यादी विचारा.

दुसरं, राज्य वेगळं असल्याने ते थेट पाठवता येत नाही. त्याच्या गावच्या परवानाधारक दुकानात जाईल, तिथे बंदूक घेणाऱ्याने भरायचा सरकारी ४४७३ चा फॉर्म तो स्वतः भरेल. म्हणजे सरप्राइज तिथेच संपलं!

आणि भेट म्हणजे भेटच, त्याच्याकडून पैसे घेऊ नका. अब्रॅम्स्की नावाच्या माजी पोलिसाने पोलीस डिस्काउंट मिळतो म्हणून काकासाठी हेच ग्लॉक १९ घेतलं. काकाने आधीच ४०० डॉलरचा चेक दिलेला, वर 'ग्लॉक १९' असं लिहूनसुद्धा! पैसे काकाचे आणि फॉर्मवर मात्र 'खरा खरेदीदार मीच' असं लिहिलं, म्हणून खटला झाला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१४ मध्ये पठ्ठ्या ५-४ ने हरला.

माझं ऐकाल तर भाच्याला नेमबाजीच्या रेंजवर न्या, भाड्याची दोन-तीन पिस्तुलं चालवू द्या. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट बसतंय का, हे त्याच्याच हाताला कळणार.