मदत हवी आहे: हाताने रंगवलेल्या फर्स्ट डे कव्हरवर तांबूस डाग

मामांनी जमवलेली 11 फर्स्ट डे कव्हरं (नवं टपाल तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का मारलेली, ते तिकीट लावलेली पाकिटं) माझ्याकडे आली आहेत. सगळी साध्या पाकिटांवर जलरंगात हाताने रंगवलेली. सर्वांत जुनं 16 एप्रिल 1953 चं, रेल्वेच्या शताब्दीचं: दोन आण्याचं तिकीट, त्यावर पहिल्या दिवसाचा शिक्का आणि डावीकडे निळसर धुरात निघालेलं वाफेचं इंजिन. इतकं सुंदर काम की हात लावायला भीती वाटते.

आम्ही रत्नागिरीत राहतो. या पावसाळ्यात चार कव्हरांवर तांबूस ठिपके उमटलेत, तिकिटाच्या दातऱ्यांवरही. शिवाय दोन कव्हरं जुन्या पीव्हीसी अल्बमच्या पानाला चिकटली आहेत, तीही नेमकी रंगवलेल्या बाजूने.

आतापर्यंत बाकीची कव्हरं अल्बममधून काढून टीपकागदात ठेवली, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. उन्हात मुद्दाम ठेवली नाहीत. एका कोपऱ्यावर जेमतेम ओलसर कापूस टेकवला तर निळा रंग लगेच उतरला, म्हणून पाण्याचा कुठलाही उपाय बाद. तिकीट सोडवून वेगळं साफ करायचं नाही. शिक्का तिकिटावरून पाकिटावर गेलेला आहे, तो तुटला तर कव्हरच संपलं. विकायची नाहीत, त्यामुळे किंमत नको. डाग गेले नाहीत तरी चालेल, वाढायला नकोत.

चिकटलेलं प्लॅस्टिक रंग न उखडता कोणी सोडवलं आहे का, आणि कसं? मुंबई-पुण्यात कागदाचं जतन करणारं खात्रीचं कोणी असेल तर घेऊन येईन. आणि पुढे ठेवायला पॉलिएस्टरची पाकिटं कोकणातल्या दमट हवेत चालतात, की त्यापेक्षा आम्लरहित कागदच बरा?