मालवणच्या सहलीत मधुमेह आणि रक्तदाब सांभाळून काय खावे?

सायली_पुणे:
नाताळच्या सुट्टीत आम्ही आठवडाभर मालवण, तारकर्ली आणि वेंगुर्ल्याकडे जाणार आहोत. आईला टाइप २ मधुमेह असून ती ग्लिमेपिराइडची गोळी घेते. बाबांना उच्च रक्तदाबामुळे मीठ कमी करण्यास सांगितले आहे. घरी दोघेही पथ्य काटेकोरपणे पाळतात, पण घराबाहेर पाऊल पडले की 'चार दिवसांनी काय होतंय' म्हणत ताटावर आडवा हात मारतात. माशांची थाळी चुकवण्याची त्यांची तयारी नाही आणि माझाही तसा आग्रह नाही. तिथल्या जेवणात कशाला हात आखडता घ्यावा, हे माहितगारांनी कृपया सांगावे.

देवबागकर:
माशांची काळजी करू नका. बांगडा आणि तारली तर खुशाल खावेत, फक्त रवा लावून तळलेल्या तुकड्यांऐवजी तिखले (माशांचा घट्ट, तिखट रस्सा) किंवा सार मागावे. आईंच्या दृष्टीने खरी अडचण तांदळाची आहे. आमच्याकडे सकाळी घावणे किंवा आंबोळी, दुपारी भात, रात्री तांदळाची भाकरी असे चालते आणि पाहुण्याला प्रत्येक वेळी वेगळा पदार्थ खाल्ल्यासारखे वाटते. घरगुती खानावळीत आदल्या संध्याकाळी फोन करून कुळथाची पिठी आणि नाचणीची भाकरी सांगून ठेवली, तर बहुतेक ठिकाणी आनंदाने करून देतात. ऐन गर्दीच्या वेळी पंगतीत बसून मागितली, तर मिळणार नाही. कोकम सरबत मात्र आईंनी टाळावे, कारण ते ज्या अमृत कोकमापासून करतात, ते साखरेत मुरवूनच केलेले असते. त्याऐवजी सोलकढी घ्यावी, पण तीत साखर घातली आहे का, हे आधी विचारावे.

अनुराधा_ठाणे:
मीही मधुमेही आहे, त्यामुळे पदार्थांइतकेच वेळेकडे लक्ष द्या, असे सुचवीन. ग्लिमेपिराइड घेतल्यावर जेवण लांबले, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते आणि सुट्टीच्या दिवसांत नावाजलेल्या खानावळीबाहेर नंबर लावून ताटकळावे लागणे ही नित्याची गोष्ट आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाण्यासाठी धक्क्यावर होडीची वाट पाहण्यातही वेळ जातो. गोळी नेमकी केव्हा घ्यायची, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या. पर्समध्ये फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे असू द्यात, पण तेवढ्यावर विसंबू नका. दरदरून घाम सुटणे, हात थरथरणे, एकदम कडकडून भूक लागणे अशी लक्षणे दिसली, तर फुटाण्यांचा उपयोग नाही. तेव्हा 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे, 15 मिनिटांनी साखर तपासावी आणि ती कमीच असेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. म्हणून ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजची पुडी हॉटेलवरच्या बॅगेत नव्हे, तर सोबत असायला हवी.

नाना_डोंबिवली:
देवबागकरांच्या सल्ल्याला एक पुरवणी. नाचणीत तंतू आणि कॅल्शियम अधिक असले, तरी तीही पिष्टमयच. 'नाचणी चालते' म्हणून तीन भाकऱ्या खाल्ल्या, तर साखर वाढणारच.

बाबांच्या बाबतीत सुक्या मासळीपासून सावध राहा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे आणि सुकटीची किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), लोणचे, पापड एकाच ताटात आले की ती ओलांडायला वेळ लागत नाही. शिवाय साखर नको म्हणून कोकमाच्या आगळाचे (घट्ट रसाचे) सरबत मागवाल, तर ते आगळ मिठात केलेले असते. म्हणजे आईंना चालेल ते बाबांना चालेलच असे नाही.

सायली_पुणे:
सर्वांचे आभार. आगळातल्या मिठाची मला कल्पनाच नव्हती. देवबागकर, दुपारी गर्दी टाळायची असल्यास किती वाजता पोहोचावे?

देवबागकर:
साडेबाराच्या आत. दीडनंतर गाड्यांची रांग लागते आणि तोवर चांगला बांगडा संपलेलाही असतो.