ऑडॅसिटीसाठी फुकटचे प्लगिन कोणते घ्यावे? खंजिरी भजन, घरचं रेकॉर्डिंग

खंजिरी_महाल
नमस्कार मंडळी. नागपूरच्या महालात आमचं भजन मंडळ आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणतो. सुट्ट्यांत चार-पाच भजनं नीट रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचा विचार आहे.

सामान असं: आय-थ्री लॅपटॉप, ८ जीबी रॅम, विंडोज. माइक लॅपटॉपला जोडायचा दोन इनपुटचा इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, एक डायनॅमिक माइक. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, कारण आम्हाला तेवढंच येतं.

अडचणी: खंजिरीच्या झांजा कानात घुसतात आणि गाणाऱ्याचा आवाज मागे पडतो. आवाज कोरडा वाटतो. मागे कूलरची घरघर आहे. 'बेस्ट फ्री प्लगिन'च्या (म्हणजे ऑडॅसिटीला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरच्या) याद्या पाहून बरेच उतरवले, पण त्यातले अर्धे ऑडॅसिटीत दिसतच नाहीत. तानपुऱ्याचं एक टाकलं, तेही दिसत नाही. शिवाय आमचे एक-दोन जण वरच्या सुरात घसरतात, त्यासाठी सूर सुधारणारं काही असेल तर सांगा. मंडळाचा निधी इंटरफेसमध्येच संपला, त्यामुळे जे असेल ते फुकटच पाहिजे.

इतवारी_बीट्स
भाऊ, व्हायटल टाका, सर्ज एक्सटी टाका, स्पिटफायरचं लॅब्स टाका. तिन्ही फुकट आणि तिन्ही जबरदस्त. माझे सगळे बीट्स यांच्यावरच आहेत. रिव्हर्बसाठी, म्हणजे आवाज घुमवायला, वल्हाला सुपरमॅसिव्ह, डोळे झाकून.

धंतोली_ध्वनी
इतवारीभाऊंनी सांगितलेली नावं चांगली आहेत, पण महालच्या भाऊंच्या कामाची नाहीत. व्हायटल, सर्ज, लॅब्स ही वाद्यं आहेत. ऑडॅसिटी फक्त इफेक्ट चालवतं, वाद्याचा प्लगिन त्यात उघडतच नाही. तुमचा तानपुरा याच कारणाने दिसत नाही. तानपुऱ्यासाठी प्लगिनची गरजही नाही. मोबाइलवरचं ॲप किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा इंटरफेसला जोडा, पेटीच्या सुराला लावा आणि आधी तोच एका ट्रॅकवर घ्या.

बाकीचे न दिसण्याची आणखी दोन कारणं असतात. ६४ बिटच्या ऑडॅसिटीत ३२ बिटचा प्लगिन चालत नाही आणि जुन्या याद्यांत ३२ बिटवाले खूप असतात. दुसरं म्हणजे आवृत्ती. व्हीएसटी३ या नव्या प्रकारचे प्लगिन ऑडॅसिटी ३.२ पासून चालतात. ती आवृत्ती २०२२ ची आहे. वाजवता वाजवता इफेक्ट बदलून ऐकायची सोयही तिच्यातच आली. तुमची त्याआधीची असेल तर आजच बदला, कामाची पद्धतच सोपी होऊन जाईल. मग प्लगिन मॅनेजरमध्ये जाऊन हवे तेवढेच चालू ठेवा.

आता घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: तीन प्लगिन घ्या, बाकी सगळे काढून टाका. भजन, कीर्तन, ओव्या असं रेकॉर्डिंग मी घरीच करते आणि याहून जास्त लागत नाही. यादी लांबली की माणूस प्लगिन बदलत बसतो आणि गाणं ऐकायचं राहून जातं.

पहिला टीडीआर नोव्हा, टोकियो डॉन लॅब्सचा. ईक्यू म्हणजे आवाजातले जाड-बारीक भाग कमी-जास्त करणारा; हा डायनॅमिक ईक्यू आहे आणि खंजिरीचं दुखणं यानेच जातं. साध्या ईक्यूने झांजांचा भाग कापला तर तो पूर्ण भजनभर कापलेला राहतो, मग खंजिरी मेल्यासारखी वाजते. नोव्हा त्या जागी फक्त झांज जोरात आली की दाबतो आणि लगेच सोडतो. करायचं असं: खंजिरीचा ट्रॅक वाजता ठेवा, चौथा बँड चालू करा, ७ किलोहर्ट्झच्या आसपास न्या, त्या बँडचा थ्रेशोल्ड (ज्या पातळीवर दाब सुरू होतो ती) चालू करून हळूहळू खाली आणा. जोराच्या ठोक्याला रेषा ३-४ डेसिबल खाली वाकली की थांबा. मग बँड ६ ते ९ किलोहर्ट्झमध्ये इकडेतिकडे सरकवून पाहा. प्रत्येक खंजिरीच्या चकत्या वेगळ्या, त्यामुळे टोचणारी जागा कानानेच सापडते. चामड्याच्या थापेला हात लावू नका, ठेका तिच्यावर उभा आहे.

गाणाऱ्याच्या ट्रॅकवरही नोव्हाच. तिथे हाय-पास (खालचे जाड आवाज कापणारा) ८०-९० हर्ट्झवर ठेवा, बायका गात असतील तर थोडा वर न्या.

दुसरा कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारा. विंडोजसाठी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवाल्यांचा रीप्लग्स नावाचा संच फुकट मिळतो, त्यातला रीकॉम्प घ्या. रेशो ३ ला १, अटॅक १०-१५ मिलिसेकंद, आणि मोठ्या ओळीला ४-५ डेसिबल दाब येईल इतकाच थ्रेशोल्ड. खालच्या पट्टीतली ओळ ऐकू यायला लागेल.

तिसरा रिव्हर्ब. सुपरमॅसिव्ह सुंदर आहे, पण त्याची शेपटी फार लांब. खंजिरीच्या जलद ठेक्यावर तो टाकला की शब्द एकमेकांत मिसळतात, आणि या भजनांत शब्द पोचला नाही तर रेकॉर्डिंग कशाला करायचं? ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब घ्या, मुक्त स्रोत आहे. त्यातला रूम किंवा प्लेट, सव्वा-दीड सेकंदाचा. गाणाऱ्याला थोडा, खंजिरीला त्याहून कमी.

तिन्ही प्लगिन बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. 'सगळे एका झिपमध्ये' देणाऱ्या साइटवरून काही घेऊ नका, त्यासोबत लॅपटॉपमध्ये काय येईल ते सांगता येत नाही.

सूर सुधारणारं मात्र लावू नका, असं मी कळकळीने सांगते. मेल्डाचा एमऑटोपिच आहे, जीस्नॅप आहे, दोन्ही फुकट. पण ते आवाजाला ठरावीक बारा सुरांच्या जागी ओढतात. भजनातली मींड त्यात तुटते. शिवाय आपल्या पेट्या बहुतेक वेळा बरोबर ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नसतात. पेटी थोडी चढी असेल आणि प्लगिनने आवाज ४४० च्या हिशोबात बसवला, तर आधी पेटीशी जुळलेला गळाही बेसूर होऊन बसतो. वरच्या सुरात घसरत असतील तर अर्धी पट्टी खाली घ्या. काळी दोनमध्ये म्हणत असाल तर पांढरी दोनमध्ये म्हणून पाहा.

शंकरनगर_साउंड
ताईंचं सगळं पटलं, कूलरचं राहिलं म्हणून लिहितो. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवा म्हणणं सोपं नाही, पारा ४५ च्या वर जातो. तरी एक भजन पाच-सहा मिनिटांचं असतं, तेवढ्यापुरता बंद करा आणि दोन भजनांच्या मधे लावा. सकाळी सहाला बसलात तर सगळ्यात बरं.

अगदीच जमत नसेल तर पंपाचं बटण तरी बंद ठेवा. पंख्याचा आवाज सारखा असतो, तो ऑडॅसिटीच्याच नॉइज रिडक्शनने कमी होतो. वाळ्याच्या ताट्यांवरून ठिबकणारं पाणी सारखं नसतं, ते त्याने निघत नाही. गाणं सुरू व्हायच्या आधी दहा सेकंद सगळे गप्प बसा, त्या तुकड्यावरून प्रोफाइल घ्या आणि ६ ते ९ डेसिबलच कमी करा. आकडा वाढवला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. हे काम ट्रॅकची प्रत ठेवून करा, आणि तिन्ही प्लगिन लावायच्या आधी करा.

इतवारी_बीट्स
बरोबर आहे ताई. मी बीट्सच्या हिशोबाने सांगितलं होतं. महालभाऊ, पुढेमागे वाद्यांचे प्लगिन लागले तर रीपर पाहा. ६० दिवस पूर्ण चालतं, मग परवाना घ्यावा लागतो.

खंजिरी_महाल
ताई, भाऊ, मनापासून आभार. जुनी आवृत्ती काढून नवीन टाकली. नोव्हा लावला, आमच्या खंजिरीची जागा ८ च्या जवळ निघाली. फरक लगेच कळला! पण गाणाऱ्याच्या ट्रॅकवरही झांजा तेवढ्याच जोरात आहेत, तिथे नोव्हा लावला की 'स' आणि 'श' बोबडे होतात. सगळे एकाच खोलीत गोल करून बसतो. काय करावं?

धंतोली_ध्वनी
ते प्लगिनचं काम नाही भाऊ, बसण्याची जागा बदला. तुमचा कंडेन्सर कार्डिऑइड असेल तर तो पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. गाणारा माइकच्या समोर, वीतभर अंतरावर. खंजिरीवाला माइकच्या बरोबर पाठीशी, चार-पाच फूट लांब, म्हणजे दोघं समोरासमोर बसतील आणि एकमेकांचा हातही दिसेल. खंजिरीला डायनॅमिक माइक द्या, हातभर लांब आणि थोडा तिरका. तो माइक वरचे सूर मुळातच नरम पकडतो, अर्धं काम तिथेच होतं. गोल करून बसलात की खंजिरी कंडेन्सरच्या तोंडावर येते. खोलीत फरशी उघडी असेल तर सतरंजी अंथरा, समोरच्या भिंतीला एखादी गोधडी टांगा.

लेव्हल पाहताना सगळ्यात जोराचा ठेका वाजवून घ्या आणि तो उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाटलेला ठोका कोणताच प्लगिन शिवत नाही. दोन माइक डावा-उजवा असे एकाच स्टिरिओ ट्रॅकवर येत असतील तर नंतर तो ट्रॅक दोन मोनोंत तोडा, म्हणजे गळा आणि खंजिरी वेगळे हाताळता येतील.

खंजिरी_महाल
रविवारी सकाळी अशीच बैठक मांडतो. शेवटचा आवाज किती ठेवू? यूट्यूबवर टाकलं की कमी होतो म्हणतात.

शंकरनगर_साउंड
यूलीन लाउडनेस मीटर घ्या, त्याची फुकट आवृत्ती पुरते. पूर्ण भजन वाजवून पाहा. उणे १४ एलयूएफएसपेक्षा (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) मोठं असेल तर यूट्यूब तेवढं खाली आणतं, त्यामुळे ओढूनताणून मोठं करण्यात फायदा नाही. खंजिरीचा ठोका टिकवायचा तर उणे १६ वर राहिलं तरी चालेल. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट डब्ल्यूएव्ही काढा आणि तीच फाइल व्हिडिओला जोडा, मधे एमपी३ करू नका.

धंतोली_ध्वनी
आणि रविवारचा पहिला टेक झाला की दोन्ही ट्रॅक काही न लावता, कच्चेच इथे टाका. मी ऐकून सांगते.