मदत हवी आहे: बालपणीचा आघात आणि अटॅचमेंट, प्रशिक्षणातला सराव कसा घ्यावा?

बालगृहातल्या काळजीवाहकांसाठी आणि शालेय समुपदेशकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण आखतोय. सिद्धान्ताचा भाग तयार आहे. आधी बोल्बी यांचा अटॅचमेंटचा, म्हणजे मूल आणि त्याची काळजी घेणारी व्यक्ती यांच्यातल्या भावनिक बंधाचा सिद्धान्त, मग मानसशास्त्रज्ञ एन्सवर्थ यांची साधारण 20 मिनिटांची निरीक्षणपद्धत: आई मुलाला थोडा वेळ सोडून जाते आणि परत येते. त्यात एका मुद्द्यावर भर देणार आहोत: मूल किती रडलं यापेक्षा आई परत आल्यावर ते काय करतं, हे जास्त महत्त्वाचं. शांत खेळत राहणारं मूल सुरक्षितच असतं असं नाही. परतलेल्या आईला टाळणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके तेव्हाही वाढलेले आढळले आहेत. शिवाय ‘विस्कळीत अटॅचमेंट’ (आईजवळ मुलाचं वागणं गोंधळलेलं, परस्परविरोधी असणं) हे वर्गीकरण आहे, निदान नव्हे. या दोन्हींची गल्लत झाली की मुलावर कायमचा शिक्का बसतो.

अडलंय ते सरावापाशी. हात लावताच अंगावर धावून येणाऱ्या मुलाचा प्रसंग घ्यायचा आहे: आधी अंतर, मग हळू आवाज, मूल शांत झाल्यावरच बोलणं. पण मुलाची भूमिका करणाऱ्याच्याच जुन्या जखमा उघडू शकतात. ती भूमिका प्रशिक्षकानेच करावी का? मधेच थांबण्यासाठी कोणती खूण ठरवता? नंतर भूमिकेतून बाहेर कसं आणता?

एसीई प्रश्नावली (बालपणीचे प्रतिकूल अनुभव मोजणारी) सहभागींकडून भरून घ्यायची नाही, असं आमचं ठाम मत आहे. ते लोकसंख्येच्या अभ्यासाचं साधन. एका माणसाच्या गुणांवरून त्याचं भविष्य सांगता येत नाही. त्याऐवजी काय वापरता?

आणि प्रशिक्षणानंतरचं सुपरव्हिजन (अनुभवी व्यक्तीसोबत कामाचा आढावा) किती दिवसांनी ठेवता? तेच नसेल तर ताणाच्या वेळी माणसं पुन्हा शिक्षेकडेच वळतात.