डँट्रोलीन विरघळवायला माणसं लागतात
मॅलिग्नंट हायपरथर्मियात, म्हणजे भुलीच्या वायूमुळे काही जणांत उद्भवणाऱ्या जीवघेण्या प्रतिक्रियेत, आधी अंग तापतं, असं काही जण म्हणतात. ते पटत नाही. ताप बहुधा उशिरा चढतो. त्याआधी श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, व्हेंटिलेटरचा वेग वाढवूनही उतरत नाही. नाडी धावते, कधी जबडा ताठ होतो. तापमानाची वाट पाहण्यात मोलाची मिनिटं जातात.

यावरचं औषध डँट्रोलीन, पण ते विरघळायला किती वेळ खातं हे सांगायचं राहून जातं. नेहमीच्या २० मिग्रॅच्या कुपीत ६० मिली निर्जंतुक पाणीच घालायचं, सलाईन नाही. किलोमागे २.५ मिग्रॅ, म्हणजे ७० किलोच्या रुग्णाला पहिल्याच डोसला ९ कुप्या! दोन-तीन जणांना फक्त त्याच कामाला लावा. भुलीचा वायू मात्र शंका येताक्षणी बंद.