झेरॉक्सच्या दुकानात आलेला आधार खरंच पुसला जातो का? लिनक्सवर जाऊन हे जमेल का?

मानेवाडा_झेरॉक्स

नमस्कार. नागपुरात मानेवाडा रोडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आजूबाजूला अभ्यासिका भरपूर, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः पोरं-पोरी. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली. जून-जुलैत अ‍ॅडमिशनची गर्दी, मग स्कॉलरशिपची, आणि भरतीचे फॉर्म वर्षभर चालूच.

पोरगी काउंटरवर येते, "ताई, नंबर सांगा, पाठवते" म्हणते. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधार, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, बारावीची मार्कशीट, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान असं सगळं येऊन पडतं. मी ते व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवते, साइट मागेल तेवढ्या केबीत बसवते, अपलोड करते, प्रिंट देते. एका मुलीचं अख्खं घर माझ्या डाउनलोड्समध्ये असतं. रात्री शटर पाडायच्या आधी मी ते फोल्डर रिकामं करते, रिसायकल बिनसुद्धा.

परवा हयातीच्या दाखल्यासाठी एक काका आले होते. काम झालं, पैसे दिले, पण उठले नाहीत. म्हणाले, "बाई, माझा आधार तुमच्या कॉम्प्युटरमधून गेला का? म्हणजे खरंच गेला का?" मी त्यांच्यासमोर डिलीट करून दाखवलं. ते बरं म्हणाले आणि गेले. मला मात्र ते उत्तर पुरेसं वाटून नाही राहिलं. त्या प्रश्नाला मला छातीठोकपणे हो म्हणता यायला पाहिजे.

त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या दोन्ही मशीन थर्ड जनरेशन आय-थ्री, ४ जीबी रॅमच्या, जुन्या हार्ड डिस्कच्या. विंडोज ११ त्यांच्यावर बसत नाही. बाजूचा दुकानदार म्हणतो, क्रॅक टाकून घे, चालून जाते. ते मला करायचंच नाही. ज्या सॉफ्टवेअरसाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, त्या मशीनवर लोकांची कागदं कशी घेऊ? म्हणून लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या मोफत सिस्टिमचा, विचार आहे.

माझे प्रश्न:

डिलीट केलेली फाइल खरंच जाते का? नसेल जात तर काय करायचं?

लिनक्सचा कोड सगळ्यांना पाहता येतो म्हणतात. म्हणजे चोरालाही दिसणार. मग ते सुरक्षित कसं?

आणि तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. निम्म्या पोरांना मी फाइल पुसलेली नकोच आहे! "ताई, मागच्या वर्षी तुमच्याकडेच होतं ना, काढा की." लॉगिन आणि पासवर्डसुद्धा मीच लिहून ठेवावे अशी अपेक्षा असते. आमच्या धंद्यात बहुतेक ठिकाणी त्याचं रजिस्टर काउंटरवर पडलेलं दिसेल. त्यांना नाही म्हणायचं तर हातात दुसरं काय द्यायचं?

---

बर्डी_हार्डवेअर

ताई, बर्डीवर कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर रोज डोळ्यांनी पाहतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट केल्याने फाइल जात नाही. तिच्या जागेवर "ही जागा रिकामी समजा" एवढीच नोंद होते. दुसरी फाइल नेमकी त्याच जागेवर लिहिली जाईपर्यंत आधीचा मजकूर तसाच. फोटोरेक नावाचं मोफत, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) टूल आहे. रिसायकल बिन रिकामा केलेल्या, अगदी फॉर्मॅट मारलेल्या डिस्कमधूनही ते जेपीजी आणि पीडीएफ काढून देतं. लोकांच्या लग्नाचे फोटो मी त्यानेच परत मिळवून देतो. उद्या तुमची डिस्क भंगारात गेली तर दुसरा कोणी त्याच टूलने आधार काढेल. एसएसडीचं (न फिरणाऱ्या नव्या डिस्कचं) गणित थोडं वेगळं आहे, ट्रिममुळे (रिकामी जागा आपोआप साफ करायच्या सोयीमुळे) पुसलेलं बऱ्याचदा लवकर जातं, पण एखादी ठरावीक फाइल आत्ता गेली असं तिथेही खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून माझं मत असं, की फाइल पुसायच्या मागे लागूच नका. ती डिस्कवर उतरणारच नाही असं करा.

लिनक्स मिंटची (लिनक्सचाच एक प्रकार) हलकी एक्सएफसीई आवृत्ती तुमच्या मशीनवर नीट चालेल. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. आधी स्वतःचा कामाचा डेटा बाहेर काढून घ्या. मग इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करायचा (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करायचा) पर्याय निवडा आणि पुढे पासवर्ड विचारणाऱ्या पानावर रिकामी जागा ओव्हरराइट करायची खूण असते तीही करा. वेळ खूप लागतो, रात्रभर लावून ठेवा. त्याने आजवरचं जुनं सगळं निघून जाईल. पुढे मशीन चोरीला गेली तरी पासवर्डशिवाय डिस्क उघडणार नाही.

नंतर डाउनलोड्स फोल्डर टीएमपीएफएसवर ठेवा. म्हणजे ते फोल्डर रॅममध्ये राहतं, मशीन बंद केली की आतलं सगळं संपलं. ५१२ एमबी दिलीत तरी तुमच्या कामाला पुष्कळ. एक गोष्ट मात्र लोक विसरतात: रॅम कमी पडली की लिनक्स त्यातला भाग डिस्कवरच्या स्वॅपमध्ये टाकतं. म्हणून स्वॅपही एन्क्रिप्टेड पाहिजे. वरच्या पद्धतीने केलंत तर ते त्यातच येतं, पण तपासून घ्या.

दुसरी लपलेली जागा म्हणजे प्रिंट. लिनक्सवर छपाई सांभाळणारं कप्स, छापून झालेल्या कामाची फाइल मूळ सेटिंगमध्ये एक दिवस जपून ठेवतं, पुन्हा छापायची सोय म्हणून. घरी ते ठीक, झेरॉक्सच्या दुकानात नाही. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये "प्रिझर्व्ह जॉब फाइल्स" म्हणून ओळ असते, ती "नो" करायची. आणि मोठं मल्टिफंक्शन मशीन असेल तर त्याच्या पोटातही हार्ड डिस्क असू शकते. विकताना किंवा एक्स्चेंजला देताना ती पुसून घेतल्याशिवाय देऊ नका.

आता फोन. निम्मी गळती तिथे आहे. दुकानाच्या फोनवर गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर टिक केलेलं असेल, तर तुम्ही इकडे पुसताय आणि तिकडे गडचिरोलीच्या पोरीची मार्कशीट तुमच्या गूगल खात्यात जाऊन बसली आहे. तो बॅकअप बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड बंद, गॅलरीत दिसणं बंद, चॅट बॅकअप बंद किंवा निदान एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड. नवीन चॅटला २४ तासांत मेसेज नाहीसे होण्याचा टायमर लावा. पण एकदा उतरवलेली फाइल त्या टायमरने जात नाही, हे लक्षात असू द्या.

एक कागदाचंही सांगतो. बिघडलेल्या प्रिंट रद्दीत देऊ नका. समोशाच्या खाली मी कोणाच्या तरी पासबुकाचं पान पाहिलं आहे, खाते नंबर सरळ वाचता येत होता.

---

सेतू_कामठी

वरचं सगळं मान्य, पण ताई, दोन्ही मशीन एकदम लिनक्सवर नेऊ नका. धंदा अडेल.

बोटाचा ठसा घ्यायच्या यंत्रांची आरडी सर्व्हिस (ठसा आधारशी जुळवायला पाठवणारं सॉफ्टवेअर) बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असते. काकांच्या हयातीच्या दाखल्यासारखी कामं त्यावरच अडतील. डिजिटल सिग्नेचरचे यूएसबी टोकनही लिनक्सवर त्रास देतात. प्रिंटर कोणता आहे ते लिहा. आपल्याकडे अर्ध्या दुकानांत कॅननचा एलबीपी २९०० असतो. लिनक्सवर तो चालवता येतो, पण डोकं खातो. एचपी १०२० ला एचपीचं प्लगइन टाकावं लागतं, ते टाकलं की बिनतक्रार चालतो. ते प्लगइन मात्र ओपन सोर्स नाही, हे माहीत असलेलं बरं.

मराठी टायपिंगची काळजी नको. युनिकोड इनस्क्रिप्ट मिंटमध्ये मिळतंच, एम१७एन नावाच्या कीबोर्ड-संचात रेमिंग्टन आणि गमभनही आहे. श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये) केलेल्या जुन्या अर्जांच्या फाइल असतील तर त्या मात्र लिबरऑफिसमध्ये (मिंटमधल्या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये) अगम्य दिसतील, त्या आधीच पीडीएफ करून ठेवा.

---

मिहान_रात्रपाळी

कोड दिसतो तर सुरक्षित कसा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण "ओपन सोर्स आहे म्हणजे सेफच" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तसं नाही.

मार्च २०२४ मधलं उदाहरण घ्या. फाइल आवळून लहान करणारी एक्सझेड नावाची छोटी लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून तिच्या मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. मूळ सांभाळणारा माणूस एकटा होता, थकलेला होता, पगार नव्हता. माझ्या मते खरी फट तिथे होती. कोड दिसत असल्यामुळे ती बुजली नाही.

पण पुढे काय झालं तेही पाहा. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला एसएसएचने (दुसऱ्या मशीनमध्ये दुरून शिरायच्या सोयीने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. सोडून देण्यासारखीच गोष्ट, पण त्यानं मुळापर्यंत खणलं आणि २९ मार्चला जाहीर लिहिलं. तो एक्सझेडचा कोणी नव्हता. त्याला कोणाची परवानगी मागावी लागली नाही. बहुतेक स्थिर आवृत्त्यांत तो कोड पोहोचायच्या आत सगळं मागे घेतलं गेलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या माणसाला इथवर पोहोचणं फार कठीण असतं.

चोराला कोड दिसण्याबद्दल: केर्कहॉफ्स या गुप्तलेखनाच्या अभ्यासकाने १८८३ मध्येच लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त फक्त किल्ली असावी. तुमच्या डिस्कचं एन्क्रिप्शन म्हणजे लक्स. त्याचा कोड जगाला पाठ असला तरी तुमचा पासवर्ड कोणाला माहीत नाही, तोवर डिस्क बंदच. म्हणून तो लांब ठेवा आणि मॉनिटरवर चिकटवू नका.

---

मानेवाडा_झेरॉक्स

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंटर एचपी १०२० आहे. म्हणजे एक मशीन मिंटवर नेते. ठशाच्या कामासाठी दुसरं रिफर्बिश्ड, ओरिजिनल विंडोज ११ वालं घेईन, त्यावर दुसरं काहीच करायचं नाही.

फोनमध्ये पाहिलं. गूगल फोटोजचा बॅकअप चालूच होता, फोन घेतला तेव्हापासून कोणी विचारलंही नव्हतं. आता बंद केला आहे आणि गेलेलं सगळं काढून राहिले.

व्हॉट्सअ‍ॅपशिवाय फाइल घ्यायचा काही मार्ग आहे का? आणि "ताई तुमच्याकडेच ठेवा" याचं काय करू? ज्या पोरीकडे १६ जीबीचा फोन आहे, तो दर महिन्याला भरतो आणि ती सगळं पुसून टाकते, तिला तुझं तू सांभाळ म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

---

बर्डी_हार्डवेअर

आहे ना. पेअरड्रॉप म्हणून ओपन सोर्स साइट आहे. काउंटरवर क्यूआर लावा, पोरीनं दुकानाच्या वायफायवर येऊन स्कॅन करायचा, ब्राउझरमध्ये तुमचं मशीन दिसतं, फाइल थेट तिकडून इकडे. अ‍ॅप नको, नंबर द्यायला नको, मध्ये कोणाच्या सर्व्हरवर फाइल राहत नाही. राउटरवर क्लायंट आयसोलेशन चालू असेल तर मशीन एकमेकांना दिसणार नाहीत, तेवढं पाहा. रोज येणाऱ्यांना लोकलसेंड हे असंच काम करणारं अ‍ॅप टाकायला सांगा, ते आणखी सुटसुटीत.

ज्यांना स्वतः बसून फॉर्म भरायचा आहे त्यांच्यासाठी मिंटच्या लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन चालू करा. मुळात ते बंद असतं. उठताना लॉगआउट केलं की त्यांचं जीमेल, फाइल, सगळं जातं.

---

सेतू_कामठी

ठेवण्याबद्दल मी काय करतो ते सांगतो. पहिल्यांदा आलेल्या पोराचं डिजिलॉकर तिथेच उघडून देतो. दहावी-बारावीची मार्कशीट त्यात खेचता येते आणि फोनची जागा जात नाही. तिथून घेतलेलं कागद कायद्याने मूळ कागदासारखंच धरलं जातं. जे त्यात येत नाही ते त्याच्याच ईमेलवर त्यालाच पाठवायला लावतो, विषयात "माझी कागदपत्रं" लिहून. पुढच्या वेळी कुठल्याही दुकानात गेला तरी सापडतं.

पासवर्डचं रजिस्टर बंद करा. त्याच्याच हाताने चिठ्ठीवर लिहायला लावा आणि चिठ्ठी फोनच्या कव्हरमागे नको, घरी वहीत. जमत असेल त्याला कीपासडीएक्स हे पासवर्ड जपणारं अ‍ॅप टाकून द्या, तेही ओपन सोर्स आहे, इंटरनेट लागत नाही. ओटीपी ओरडून सांगायला लावू नका, फोन तुमच्याकडे वळवून दाखवू द्या. मागे रांग उभी असते.

रूम किंवा होस्टेलसाठी आधारची झेरॉक्स मागितली असेल तर मास्क्ड आधार काढून द्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. घरमालक बहुतेक वेळा तेवढ्यावर मान्य होतात.

कायद्याचं विचारतील कोणी तर २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली ते झालं की ती पुसावी, असं त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बरीच कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतील. तोवर तुम्ही तयार असाल.

---

मानेवाडा_झेरॉक्स

डिजिलॉकरचं आजच एका मुलीला करून दिलं. चामोर्शीची आहे. पहिली मार्कशीट खेचली गेली तेव्हा तिनं लगेच विचारलं, आईच्या फोनवर पण दिसेल का? तिला सांगितलं की तुझ्या नंबरवर ओटीपी येईल, तू सांगितलास तरच. आधी ती थोडी हिरमुसली, मग म्हणाली, चांगलं आहे.

मिंट रविवारी टाकते. प्रिझर्व्हवाली ओळ कुठल्या फाइलमध्ये आहे ते नेमकं सांगाल का?

---

बर्डी_हार्डवेअर

ईटीसी फोल्डर, त्यात कप्स, त्यात कप्सडी डॉट कॉन्फ. ओळ नसेल तर नवीन लिहा, सेव्ह करा, कप्स रीस्टार्ट करा. मग एक साधी टेस्ट प्रिंट काढून स्पूल फोल्डर (छपाईच्या फाइल थांबतात ते) उघडून पाहा, डी अक्षराने सुरू होणारी फाइल उरलेली नसली पाहिजे. अडलं तर इथेच लिहा, रविवारी दुपारनंतर मी मोकळा आहे.