पो यांच्या 'एल्डोराडो'त चारही कडव्यांत सावली का?

कोरांटी: अमेरिकन कवी एडगर ॲलन पो यांची 'एल्डोराडो' ही कविता शिकवायची आहे. चोवीसच ओळी. नटूनथटून निघालेला सरदार सोन्याचा देश शोधता शोधता म्हातारा होतो, अखेर एक सावली त्याला वाट सांगते. गाईडात सरळ समीकरण: सावली म्हणजे मृत्यू, एल्डोराडो म्हणजे स्वर्ग. ते पटत नाही. आणि दर कडव्यात 'शॅडो'च का? दुसरं यमक मिळालं नाही?

तिठा: तो कवितेचा कणाच आहे. प्रत्येक कडव्याची तिसरी ओळ 'शॅडो'वर आणि सहावी 'एल्डोराडो'वर संपते. शब्द तोच, पण पहिल्या कडव्यात ती नुसती उन्हासोबतची सावली, दुसऱ्यात काळजावर पडलेली, तिसऱ्यात यात्रेकरू होऊन समोर उभी राहणारी, आणि चौथ्यात अख्खी दरी. एकच अर्थ धरला की पहिल्या कडव्यातही मृत्यू कोंबावा लागतो, आणि तिथे तर गडी गाणं म्हणत चाललाय! फळ्यावर चार तिसऱ्या ओळी एकाखाली एक लिहा, मुलांना आपोआप दिसेल.

पाऊलवाट: काळही सांगा. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. कविता छापून आली २१ एप्रिल १८४९ ला, बॉस्टनच्या 'द फ्लॅग ऑफ अवर युनियन'मध्ये. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतल्या एका पत्रात पो म्हणतात, कॅलिफोर्नियातलं सगळं सोनं दिलं तरी साहित्याची आशा सोडणार नाही. त्यामुळे मला यात सरदाराची नुसती थट्टा दिसत नाही. 'कवीला मरणाची चाहूल लागली होती' हे मात्र टाळा. ते ७ ऑक्टोबरला गेले हे आपल्याला ठाऊक, त्यांना एप्रिलात नव्हतं.

आणि 'एल्डोराडो' आधी गाव नव्हतंच, माणूस होता. स्पॅनिशमध्ये अर्थ 'सोन्याने मढलेला'. आजच्या कोलंबियातला मुइस्का राजा अंगाला सोन्याची भुकटी फासून ग्वाताविता सरोवरावर जातो, ही ती हकिकत. पुढे माणसाचं शहर झालं, शहराचा देश झाला.

तिठा: शेवटच्या कडव्यावर जास्त वेळ द्या. तिथे सावली वाट सांगते: चंद्राचे पर्वत ओलांडून, सावलीच्या दरीतून खाली. चंद्राचे पर्वत प्राचीन भूगोलतज्ज्ञ टॉलेमीच्या भूगोलातले, नाईलचा उगम तिथला मानलेला. दरी बायबलच्या २३व्या स्तोत्रातली. मराठी बायबलात 'मृत्युच्छायेची दरी'. पो यांनी त्यातला 'मृत्यू' गाळलाय. समजावताना तो परत घातला, की आलं गाईडचं समीकरण. अजून एक: आधीच्या तिन्ही कडव्यांत पहिल्या दोन ओळी यमकात आहेत, 'ओल्ड–बोल्ड', 'स्ट्रेंग्थ–लेंग्थ' अशा. चौथ्यात 'माउंटन्स–मून' जुळत नाही. मोठ्याने वाचताना जीभ नेमकी तिथे अडखळते, तेव्हा आधी वाचून दाखवा, मग विचारा.

कोरांटी: वर्गासाठी मराठी रूपांतर करतेय. 'सावली' चालेल ना?

तिठा: तिथेच फसतं. सावली म्हटलं की आपल्याला झाड, विसावा, मायेचं माणूस आठवतं. 'छाया' घ्या. ती काळजावर पडते, समोर उभी राहते आणि 'मृत्युच्छाये'ची आठवणही आपसूक देते. पहिल्या कडव्यात मात्र 'ऊन-सावली' ही तयार जोडी सोडून 'उन्हात नि छायेत' लिहावं लागेल. जरा अवघडल्यासारखं वाटेल, चालवून घ्या. 'एल्डोराडो'ला मराठी यमक शोधत बसू नका. यमक सुटलं तरी चालेल, पण चार वेळा तोच शब्द त्याच जागी यायला हवा.